छत्रीवाला नदीकाठी काय मोजतोय

तीर्थस्वरूप भाऊजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. (नेहमीइतकाच वाकून केला आहे. धक्क्यावरच्या त्या प्रकारापासून मी कमी वाकतो, असं तिकडे कोणी येऊन सांगितलं तर त्याचं नाव मला गुपचूप कळवावं.) इकडे सर्व जेमतेम आहे. तिकडे सर्व उत्तम असणारच, कारण तिकडे नेहमी सर्व उत्तमच असतं. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात गुडघा घोड्यासारखा पळतो असं लिहिलं होतंत, तेव्हापासून मी काळजीत आहे. म्हशीचा खोकला? ताईची प्रकृती? ताईबद्दल तुमच्या प्रत्येक पत्रात एकच ओळ असते, 'तिचं बरं आहे.' म्हशीला पाऊण पान आणि माझ्या सख्ख्या बहिणीला तीन शब्द, हे मला सुरुवातीपासून खटकत आलेलं आहे. पण मी बोललो नाही. मी संशयी आहे असं ही म्हणते, आणि ती हे इतक्या वेळा म्हणते की त्यामागेही काहीतरी असावं.

आमचं दुकान चालू आहे, म्हणजे उघडं आहे. दोर, सुतळी, पोती आणि ताडपत्री. दोर विकणाऱ्याला माणूस पारखून घ्यावा लागतो हे तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको. गिऱ्हाईक आलं की 'कशाला हवा?' हे मी आधी विचारतो आणि 'किती हवा?' हे नंतर. बैल बांधायला हवा म्हणणाऱ्याला मी बैलाचा रंग विचारतो. यात काही लोक दुखावतात आणि समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत. तिकडचा दोर ओला झाला की आटतो, हे त्यांना नंतर कळेल.

तर महिन्यापूर्वी असाच एक गृहस्थ दुकानात आला. उंच, सडपातळ, परगावचा, काखेत मोठी काळी छत्री. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. त्यानं वितीएवढा सुतळीचा तुकडा मागितला. भाऊजी, वितीएवढी सुतळी जगात कोणी विकत घेत नाही. तेवढी माणूस कुठल्यातरी पुडक्याची सोडतो. मी विचारलं, कशाला? तर म्हणाला, छत्रीची मूठ हलते, तिला गुंडाळायला. उत्तर इतकं सरळ होतं की मी तिथेच सावध झालो. सुतळी त्याला फुकट दिली (पैसे घेतले असते तर ओळख झाली असती) आणि तो रस्त्याच्या वळणावर जाईपर्यंत दारात उभा राहून पाहिलं. समोरचा सलूनवालाही वस्तरा हातात धरून पाहत होता. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही पाहत होतं.

आता हा मनुष्य करतो काय, तर दारोदार हिंडून प्रश्न विचारतो. नदीला पूर कुठवर चढतो, वीट कुठे जाते, लोकर कुठून येते, माणसं बाजाराला कुठून कशी येतात, फावल्या वेळात काय करतात. थोडक्यात भूगोल, पोटापाणी आणि संस्कृती, तिन्ही त्याला हवं. एकच विषय विचारला असता तर आम्ही समजून घेतलं असतं. ज्याला तिन्ही विषय हवेत त्याला चौथं काहीतरी हवं असतं. कोणी म्हणालं जमिनी घेणाऱ्यांचा माणूस, कोणी म्हणालं कराचा. मास्तर (तुमच्या बाजूच्या शाळेत रोज होडीनं जातात ते) म्हणाले की पुस्तक लिहीत असेल, पण मास्तरांना सगळे पुस्तकच लिहिताहेत असं वाटतं. नावाड्यानं मात्र ठामपणे सांगितलं की नदी ओलांडणाऱ्यावर डोईपट्टी बसणार आहे, जितकी डोकी तितका कर. नावाडी एवढं ठामपणे कधी 'होडी आता सुटेल' हेसुद्धा सांगत नाही. इथे पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण डोईपट्टी हा शब्दच असा आहे की तो ऐकला की माणूस आधी डोकं लपवतो आणि मग विचार करतो.

आमच्या गावाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. 'कसं काय चाललंय?' असं कोणी विचारलं की 'कसलं काय, चाललंय कसंतरी' हेच आमचं उत्तर. पीक घरात मावत नसलं तरी चाललंय कसंतरी. चांगलं चाललंय म्हणणारा माणूस आमच्याकडे एक तर परगावचा असतो किंवा त्याचं दिवाळं निघायच्या बेतात असतं. नदी ओलांडली की तुमचा डोंगराळ मुलूख, आणि तिथे बरोब्बर उलटं. दोन मेंढ्या असल्या तर 'खिल्लार आहे', अंगणात पेरूचं एक झाड असलं तर 'बाग आहे'. ताईला पाहायला आला होतात तेव्हाची गंमत आठवते ना? आमच्या बाबांनी सांगितलं की आमच्याकडे काही नाही, मुलगी आणि नारळ. तुमच्या वडिलांनी सांगितलं की आमच्याकडे म्हशींना बांधायला दावी पुरत नाहीत. लग्नानंतर कळलं की दोन्हीकडे दोन-दोन म्हशीच होत्या. (दाव्यांची गोष्ट तेवढी खरी निघाली. दावी आमच्याच दुकानातून उधार गेली होती.)

तेव्हा छत्रीवाल्याला आमच्याकडे काय उत्तरं मिळाली असतील ते तुम्ही ओळखलंच असेल. मला त्यानं विचारलं, नदीला पूर आला तर पाणी दुकानापर्यंत येतं का? मी म्हणालो, कुठली नदी? माझ्या पाठीमागे खिडकी होती आणि खिडकीत नदी होती, पण एकदा बोललो ते बोललो. वीटभट्टीवाल्यानं सांगितलं की भट्टी बंद पडून युगं लोटली. मागे धुराडं भकाभका ओकत होतं. ते काय, असं विचारल्यावर म्हणाला, धुकं. सिनेमागृह बंद पडल्यापासून त्यात बटाटे साठवतात हे सगळ्या मुलखाला माहीत आहे, पण त्याच्या मालकानं तिथे अजून सिनेमाच दाखवतो म्हणून शपथ घेतली आणि छत्रीवाल्यानं तिकीट मागितल्यावर आज पडदा धुवायला टाकलाय म्हणाला. संस्कृतीचा प्रश्न सलूनवाल्याच्या वाट्याला आला. इथले लोक फावल्या वेळात काय करतात? सलूनवाला म्हणाला, "तुमच्यावर नजर ठेवतात." महिनाभरात त्याला आमच्या गावात मिळालेलं एवढंच खरं उत्तर.

तोंडी काही हाती लागेना तेव्हा तो धक्क्यावर येऊन बसला. छत्री उघडून, घडीच्या खुर्चीवर, होडीच्या फळीपासून हाकेच्या अंतरावर. हातात डबीएवढं यंत्र. अंगठ्यानं दाबलं की टक् वाजतं आणि आकडा एकानं पुढे सरकतो. कोणी होडीत चढला की टक्. उतरला की टक्. तो आवाज गावात असा पसरला की दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाजूनं कोणी धक्क्याकडे फिरकेना. मास्तरांनी अंगावर काढलेलं दुखणं एकाएकी मनावर घेतलं आणि ते झोपून राहिले. दूधवाल्या बायका वरच्या अंगाला उथळ पाण्यातून, बरण्या डोक्यावर घेऊन जाऊ लागल्या. एकीची बरणी वाहून गेली तरी तिनं हूं की चूं केलं नाही. आणि मला तर मेंढपाळांचा दोर पोचवायलाच हवा होता. तेव्हा मी मालाच्या होडीत पोत्यांमध्ये आडवा झालो आणि वरून आमचीच ताडपत्री ओढून घेतली. (ताडपत्री उत्तम आहे. आत वारा येत नाही. उजेडही येत नाही. धूळ मात्र येते.) दोर पोचवला, तसाच परत आलो, आणि कोणाला पत्ता लागला नाही असं समजून दोन दिवस मिशीत हसलो.

तुमच्या तीरावर काय चाललं होतं ते मी दुकानाच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. तिकडे डोकी मोजतात ही बातमी पोचली, पण डोईपट्टीची पोचली नसावी, किंवा तिकडे कर हीसुद्धा मिरवायची गोष्ट असावी. भाऊजी, त्या दिवशी तुम्ही नऊ वेळा नदी ओलांडून अलीकडे आलात. पहिल्यांदा फेटा बांधून, मग बोडक्यानं, मग कोकरू घेऊन, मग कोकरू दुसऱ्याच्या कडेवर देऊन स्वतः घोंगडी पांघरून. तुमचे चुलतभाऊही असेच. पण चुलतभाऊ माझे कोणी लागत नाहीत, तुम्ही लागता. नऊ वेळा आमच्या धक्क्याला पाय लावलात आणि एकदाही वर दुकानात येऊन चहा घेतला नाहीत. हिनं पहिल्या फेरीलाच आधण ठेवलं होतं. पाचव्या फेरीला ते आटलं. मी काय समजायचं? वर्षापूर्वी माझ्या मुलीच्या लग्नाला तुम्ही एकटेच आलात, ताई आली नाही, आणि विचारल्यावर म्हणालात, तिचं बरं आहे. तेव्हापासून माझ्या मनात आहे की तुमच्याकडून काहीतरी अडतंय. आहेराचं काही राहिलं का, पंगतीत कोणी काही बोललं का, की तुम्हीच तिला येऊ देत नाही? लिहायचं नव्हतं, पण नमनाला घडाभर तेल घालून झालंच आहे, तर लिहून टाकलं.

मग परवा संध्याकाळी छत्रीवाला दुकानात आला आणि न विचारता बाकावर बसला. मी म्हणालो, आज सुतळी नाही. तो म्हणाला, सुतळी नको, येत्या बाजारानंतर मी जाणार, म्हणून निरोप घ्यायला आलो आहे. या नदीवर सरकार एकच पूल बांधणार आहे. इथे बांधायचा की खाली दोन गावं सोडून, हे कुठे किती माणसं नदी ओलांडतात त्यावर ठरणार. "तुमच्या बाजूनं कोणीच ओलांडत नाही, आणि त्यांच्या बाजूनं एकच कुटुंब दिवसभर ओलांडत असतं. आणि पोती मी मोजत नाही, पण त्यातलं एक शिंकलं," तो म्हणाला.

भाऊजी, पूल! माझ्या हातून दोराचं भेंडोळं निसटून दारापर्यंत उलगडत गेलं. पावसाळ्यात होडी बंद म्हणजे आम्ही इकडे आणि तुम्ही तिकडे. वळसा घालून यायचं तर दोन बस बदलून दिवस मोडतो, आणि ताईला बस लागते. तो पूल दाराशी आला होता आणि त्याला आम्ही कुठली नदी म्हणून विचारलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आम्ही तर हात लपवून करून घेतलं. तासाभरात सलूनमध्ये सगळे जमले. छत्रीवाला अजून माझ्या बाकावरच होता; आता जाऊन त्याला सगळं चांगलं सांगायचं, असं ठरलं. पण चांगलं सांगायची जिभेला सवय कुठे आहे? वीटभट्टीवाला घरून शब्द घोकून आला आणि छत्रीवाल्यासमोर उभा राहून म्हणाला, "भट्टी तशी... अगदीच वाईट नाही." एवढं बोलून त्याला घाम फुटला. बटाटेवाल्यानं सिनेमागृहात बटाटे आहेत हे कबूल केलं, पण लगेच, ते सडलेले आहेत, असं सवयीनं जोडून टाकलं. मास्तर अंथरुणातून उठून आले आणि सुधारलेल्या प्रकृतीबद्दल विचारलं तर म्हणाले, चाललंय कसंतरी. छत्रीवाला सगळ्यांचं ऐकून घेत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्याचा कोणावरही विश्वास बसत नाहीये हे दिसत होतं. महिनाभर आमच्यात राहून तो आमच्यासारखाच झाला.

शेवटी सगळे गेले आणि मी त्याला चहा दिला. (तुमचाच, नऊ वेळचा, मी असं म्हणणार होतो, पण नाही म्हणत.) मी विचारलं, काही उपाय? तो म्हणाला, बाजाराच्या दिवशी शेवटची मोजणी आहे, जे आहे ते दाखवा. मग कप खाली ठेवून म्हणाला, माझ्या यंत्राची एक अडचण आहे. जो ओलांडतो तो मोजला जातो. ज्याला ओलांडायचं आहे आणि जमत नाही, त्याचं काय? पलीकडे एक बाई आहे, म्हणाला. दर बाजाराच्या दिवशी येते. पिशवी काखेत मारून, जशी कोंबडी धरावी तशी. फळीवर एक पाय ठेवते. दुसरा ठेवत नाही. नावाडी फळी हातानं धरून थांबतो, होडीतले लोक कुरकुर करतात तरी थांबतो. मग ती पाय काढून घेते, होडी सुटते, आणि होडी अलीकडे लागेपर्यंत ती तिथेच उभी राहून या बाजूला बघते. मग परत जाते. तिच्यासाठी टक् करावं की नाही, हे मला कोणी शिकवलं नाही.

पिशवी काखेत अशी आमच्या घरात एकच माणूस धरतं. शाळेत दप्तरही ती तशीच धरायची आणि बाबा ओरडायचे, कोंबडी चोरून आणलीस का म्हणून. तीन वर्षांपूर्वी त्या मेंढ्यानं होडीत उडी मारली आणि होडी कलली, ताई पाण्यात पडली, वेणी धरून तिला वर काढली, हे मला माहीत होतं. ती त्यावर हसली होती हेही माहीत होतं. त्यानंतर ती होडीत चढूच शकत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही. तुमच्याकडे सगळं उत्तम असतं, म्हणून तिनं सांगितलं नाही. आणि मी वर्षभर इथे बसून तुमच्यावर आणि आहेरावर संशय घेत राहिलो. मला फार वाईट वाटलं, भाऊजी. छत्रीवाल्यासमोर रडायला नको म्हणून मी आत जाऊन ताडपत्र्यांच्या घड्या केल्या. त्या आधीच केलेल्या होत्या.

असो. पत्र लांबलं. म्हशीला काढा द्यावा, गुडघ्याला शेक द्यावा, आणि दोघांपैकी खरं कोणाचं दुखतंय ते एकदा मोकळेपणानं कळवावं. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि चुलतभावांना जेवढ्यास तेवढं.

आपला नम्र आणि डोळे उघडे असलेला,
मेहुणा

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पत्राचं कारण असं. येत्या बाजाराच्या दिवशी तिकडच्या सगळ्यांना घेऊन तीरावर या, पण ओलांडायला नव्हे. ज्यांना ओलांडता येत नाही त्यांना आणा. म्हातारी माणसं, दिवस भरत आलेल्या बायका, होडीत न मावणारी जनावरं, होडीला घाबरणारे. त्यांनी फक्त उभं राहायचं. छत्रीवाल्याला दुर्बीण मी मास्तरांकडून मिळवून देतो. तो टक् करील की नाही हे त्यानं सांगितलेलं नाही, पण बघीन म्हणाला, आणि तो खोटं बोलत असल्याचं अजून तरी मला आढळलेलं नाही. ज्यांना जमतं त्यांनी प्रत्येकी एकदाच ओलांडावं. एकदाच, भाऊजी.

ता. क. दुसरा. तुम्ही त्या दिवशी घरीच राहिलात तरी चालेल. तुमची मिशी तो ओळखतो. यायचंच असेल तर एका फेरीत या आणि थेट दुकानात या. ही आधण एकदाच ठेवणार आहे.

ता. क. तिसरा. मला कळलंय हे ताईला सांगू नका. ती दर बाजाराला कुठे जाते हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हे मी विचारत नाही. (विचारतोय.) तिला एवढंच सांगा की मी त्या दिवशी सकाळपासून धक्क्यावर उभा असेन, छत्रीवाल्याच्या शेजारी, पांढरा सदरा घालून.

ता. क. चौथा, हा भाऊजींसाठी नाही. नावाडीबुवा, पत्र तुमच्याच हातून जाणार आणि तुम्ही ते वाचणार, म्हणून तुम्हालाच लिहितो. डोईपट्टीची आवई तुम्हीच उठवलीत, याबद्दल माझी खात्री आहे. पूल झाला की होडी गेली, हे तुमच्याइतकं कोणाला कळत नाही, आणि तुमचं पुढे काय होणार हे आमच्यापैकी कोणी विचारलेलं नाही. तरीही दर बाजाराच्या दिवशी माझ्या बहिणीसाठी लोकांच्या शिव्या खात तुम्ही फळी धरून थांबता. याचा मेळ मला घालता येत नाही. खूप विचार केला आणि शेवटी मला असा संशय येऊ लागला आहे, की तुम्ही चांगला माणूस असावात. हे पत्र वाचून झालं की पोचतं करा, आणि त्या दिवशी तिनं दुसरा पाय उचललाच, तर घाई करू नका.